सपाट म्हणजे लाल

आमच्या भाऊजींची होडी गुलाबी आहे. थोडी लालसर किंवा उन्हाने विटलेली नव्हे, लहान मुलीच्या फ्रॉकसारखी सरळसरळ गुलाबी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. होडी त्यांनी स्वतः रंगवली. दुकान दोन दिवस बंद ठेवलं, आधी जुना रंग खरवडला आणि मग दोन हात दिले. ते दोन्ही दिवस त्यांची अशी समजूत होती की आपण राखाडी रंग देतो आहोत. डब्यावरची चिठ्ठी फाटलेली होती, पण झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर दुकानदाराला कशाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई खाण्याचा डबा द्यायला धक्क्यावर गेली. तिने होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि मग कोणता रंग आणला होता म्हणून विचारलं. तिच्या विचारण्यावरूनच भाऊजींना कळलं की घोटाळा झालाय. त्यांनी ब्रश खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाले की पाण्यावर होडी लांबून दिसलेली बरी. होड्यांच्या क्लबात कुणी विचारलं तर हा आपला आवडता रंग आहे असं ते सांगू लागले. खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तेव्हापासून क्लबातले लोक त्यांना गुलाबी कप्तान म्हणतात.

लाल, हिरवा, तपकिरी ही भाऊजींच्या लेखी एकाच घरातली माणसं. चेहरे इतके सारखे की नावं सांगता येत नाहीत. त्यातही गडद लाल त्यांना जवळजवळ काळाच दिसतो. हे त्यांना स्वतःलाही अठरा वर्षांचे होईपर्यंत माहीत नव्हतं. मालवाहू जहाजावर नोकरी करायची म्हणून ते तपासणीला गेले होते. फळ्यावरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडलं आणि आतला आकडा विचारला. भाऊजी म्हणाले, आकडा नाहीये. डॉक्टर म्हणाले, नीट बघ. भाऊजींनी पान उजेडाकडे धरलं, उलटं करून बघितलं आणि डॉक्टर आपली गंमत करताहेत अशा समजुतीने हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. जहाजाचा विषय तिथेच संपला.

मग ते किल्ल्या करायला शिकले. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच त्यांचं दुकान आहे. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या असतात, समोर घासायचं यंत्र, आणि पायाशी पितळेच्या कणांचा थर. कुलपाला रंग लागत नाही, असं ते म्हणतात. एखादी किल्ली हातात दिली की अंगठा फिरवून ती कुठल्या बनावटीच्या कुलपाची आहे ते न बघता सांगतात. आकाराच्या बाबतीत या माणसाला कधी कुणी फसवलेलं नाही. रंगाच्या बाबतीत मात्र भाजीवालीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी फसवून झालंय.

ही गोष्ट लग्नाआधी सांगितली नाही, असं ताईचं म्हणणं आहे. सांगितली होती, तू हसलीस, असं भाऊजींचं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण लग्नानंतर महिनाभरात ताईने गाठींची पद्धत काढली. कपड्याच्या आतल्या बाजूला, गळ्याशी, ती दोऱ्याची एक छोटी शेपटी शिवते. राखाडीला एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन, आणि लाल असेल तर नुसताच दोरा. मोज्यांनाही तसंच. भाऊजी सकाळी कपाट उघडतात, बोटाने गाठी मोजतात आणि हवा तो कपडा बाहेर काढतात. बाहेरच्या कुणाला कळत नाही. आम्हाला घरच्यांनासुद्धा पाचेक वर्षं कळलं नव्हतं.

पण माणूस आहे, कधीतरी गाठ मोजायचा कंटाळा करतो. माझे सासरे गेले त्या दिवशी घाईघाईत भाऊजींनी खुंटीवरचा स्वेटर अंगात घातला. ताई दारातच म्हणाली, अहो, तो लाल आहे. भाऊजी म्हणाले, काळा आहे, मला दिसतंय ना. उशीर झाला होता, ताईने पुढे काही म्हटलं नाही. सगळी माणसं काळ्या-पांढऱ्यात मान खाली घालून उभी, आणि मधोमध आमचे भाऊजी, पिकलेल्या टोमॅटोसारखे. माझ्या सासूबाईंनी रडता रडता एकदा वर पाहिलं आणि त्यांचं रडणं क्षणभर थांबलं. मी ते विसरू शकत नाही.

घरी गेल्यावर ताईने एकच वाक्य ऐकवलं. "आजपासून रंगाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. उलट बोलायचं नाही." भाऊजींनी मान डोलावली. आणि त्यांची मान डोलली म्हणजे ती कायमची. पुढच्या वीस वर्षांत ताईने हिरवं म्हटलेल्याला त्यांनी हिरवं म्हटलं, मग ती वस्तू काही का असेना.

होडी त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी घेतली. एका शिडाची, चार माणसं बसतील एवढी. जहाजावर जाता आलं नाही तर निदान रविवारी पाण्यावर जाऊ, एवढाच हिशेब. ताईने पहिल्याच दिवशी तिला सवत म्हणून टाकलं. ती स्वतः होडीत कधी बसली नाही. बादलीतलं पाणी हललं तरी तिच्या पोटात ढवळतं. तिने फक्त दोरांना गाठी मारून दिल्या. त्या होडीवर कुठला दोर कुठला हे रंगावरून ओळखायचं असतं, एकात लाल धागा, दुसऱ्यात हिरवा. ताईने दोर घरी मागवून घेतले, आणि स्वयंपाकघरात बसून टोकांना एक, दोन, तीन अशा गाठी मारल्या. सवतीची वेणी घालतेय, असं मी म्हटल्यावर तिने मला त्याच दोराचा फटका दिला.

पाण्यात बोये असतात. बोया म्हणजे साखळीने तळाला बांधून तरंगत ठेवलेलं पिंप. खोल पाण्याची वाट कुठून कुठपर्यंत आहे ते बोये दाखवतात. समुद्राकडून खाडीत शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा आणि हिरवा उजव्या. चुकलं की होडी चिखलात. भाऊजींचं सुदैव असं की ज्याने कुणी हे ठरवलं त्याने रंगाबरोबर आकारही ठरवून ठेवलेत. लाल बोया वर सपाट असतो, पत्र्याच्या डब्यासारखा, आणि हिरवा टोकदार, उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा. रंग गेला खड्ड्यात. सपाट म्हणजे लाल, टोकदार म्हणजे हिरवा. या दोन वाक्यांवर भाऊजी अकरा वर्षं दिवसाउजेडी होडी चालवत होते, आणि क्लबात कुणाला पत्ता नव्हता.

मग कुठल्याशा दुसऱ्या क्लबाच्या दोन होड्या एकमेकींवर आदळल्या, आणि आमच्या क्लबाच्या कमिटीला जाग आली. होडी चालवणाऱ्या प्रत्येकाची डोळ्यांची तपासणी करायची असं ठरलं. पुन्हा तेच ठिपक्यांचं पुस्तक भाऊजींच्या समोर आलं. या वेळी ते हसले नाहीत. "मला नाही दिसत," म्हणाले, "तुमचा वेळ नका घालवू."

कमिटीची माणसं वाईट नव्हती. अकरा वर्षांत या गृहस्थाने एकदाही होडी कुठे रुतवलेली किंवा धडकवलेली नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. रंग ओळखू शकणारी एक प्रौढ व्यक्ती होडीवर सोबत हवी, आणि त्या व्यक्तीला घेऊन परक्या खाडीत एकदा परीक्षा द्यायची. स्वतःच्या खाडीत नाही, कारण तिथले बोये सगळ्यांना पाठ असतात. महिन्याभरात हे जमलं नाही तर होडी धक्क्यावरून हलवायची. क्लबातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी तर भाऊजींना बाजूला घेऊन सांगूनही ठेवलं, विकायची झाली तर आधी मला सांगा, आणि मी तिला पांढरा रंग देईन हं, रागवू नका.

भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी होडीवर ताडपत्री घातली, चारी कोपरे बांधले आणि घरी आले. ताईला त्यांनी कमिटीचा कागद दाखवला, पण तू येशील का असं विचारलं नाही. तिचं पोट त्यांना माहीत होतं. क्लबातल्या दोघातिघांना विचारून बघितलं. पण प्रत्येकाची स्वतःची होडी होती, आणि रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

त्यानंतरचे तीन रविवार भाऊजी घरात होते. पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्या दारांची कुलपं उघडून तेल घातलं. दुसऱ्या रविवारी माझी बहीण बाजारात गेलेली असताना तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या झाकणांच्या आकाराप्रमाणे लावल्या. मीठ कुठे आहे ते तिला बुधवारपर्यंत सापडत नव्हतं. तिसऱ्या रविवारी काहीच केलं नाही. खिडकीशी बसून राहिले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फुगत होती, तिच्याकडे बघत.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली की मी होडीत बसायचं ठरवलंय. मी म्हटलं, तू? ती म्हणाली, सवत परवडली, हा माणूस घरात नाही परवडत. मग खुर्चीवर बसली, पदराच्या टोकाला उगाच गाठी मारत राहिली आणि म्हणाली, चादरीकडे बघत होते गं ते. दुपारभर.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले होते. पुढचं सगळं ताईकडून ऐकलेलं, आणि मग भाऊजींकडून. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच लिहिते.

परीक्षक म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे. बोलणं जेमतेम. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की बुडायची वेळ आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. ताईला हे वाक्य आवडलं नाही. तिने उलटीवरची गोळी घेतली होती, कानामागे कुणीतरी सांगितलेली पट्टी लावली होती, आणि मांडीवर डबा घट्ट धरला होता. डोंगराच्या टोकाला वळसा घालून शेजारच्या खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिने दोनदा होडीबाहेर मान घातली. पण प्रत्येक बोया दिसला की मान वर काढून रंग सांगितला. लाल. हिरवा. हिरवा. भाऊजी नुसतं हूं म्हणायचे आणि सुकाणू वळवायचे. परीक्षक वहीत खुणा करत होते.

त्या खाडीतला गाळ दर वर्षी सरकतो, म्हणून तिथले बोये हलवत राहतात. नकाशाचा उपयोग नाही, समोर दिसेल तेच खरं. ओहोटी संपत आली होती, पाणी उथळ. दोन वळणं नीट पार पडली. तिसऱ्या वळणावर एक बोया होता, पाणी शिरून अर्धा बुडालेला. त्याच्या पाण्यावर दिसणाऱ्या अंगभर शेवाळ चढलं होतं, चांगलं बोटभर जाडीचं, ओलं, चमकणारं.

ताईने डोळ्यांत तेल घालून बघितलं. "हिरवा," ती म्हणाली.

भाऊजींनी या वेळी हूं म्हटलं नाही. त्यांनी बोयाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नक्की?"

"हिरवागार आहे," ताई म्हणाली.

त्यांनी सुकाणू वळवलं, बोया उजव्या हाताला ठेवला, आणि पाचपन्नास हात गेल्यावर होडी खालून कुणीतरी धरून ठेवावी तशी थांबली. शीड फडफडलं. होडी हळूच एका अंगावर कलली, आणि ताईच्या मांडीवरचा डबा परीक्षकांच्या पायाशी गेला.

चिखल मऊ होता, कुणाला काही लागलं नाही. होडी ढकलायचा प्रयत्न झाला, भाऊजी गुडघ्यापर्यंत चिखलात उतरले, आणि पाणी आणखीनच ओसरलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि निघाल्यापासून पहिल्यांदा बोलले. भरती येऊन होडी उचलली जाईपर्यंत अडीच तास, म्हणाले. मग वही मिटून त्यांनी खिशात ठेवली. ताई सांगते, त्या वहीच्या मिटण्याचा आवाज तिला अजून ऐकू येतो. दातांचे डॉक्टर, पांढरा रंग, खिडकीतली चादर, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं.

आणि ते तिघं कललेल्या होडीत बसलेले असताना, मागे पाणी उतरून तो बोया पूर्ण उघडा पडला. त्याचं बूड दिसलं. बुडाशी शेवाळ नव्हतं, आणि तिथे तो लाल होता, खणखणीत लाल.

 मग ताईच्या लक्षात आलं की त्याचा माथा सपाट आहे. घरात अकरा वर्षं ऐकलेलं वाक्य तिला आठवलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं?"

भाऊजी पायाचा चिखल लाकडाच्या चिपेने खरवडत होते. "वर सपाट होता," म्हणाले. "सपाट म्हणजे लाल."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हिरवा म्हणालीस."

"मी म्हटलं म्हणून होडी चिखलात घालायची?"

"रंगाच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा. उलट बोलायचं नाही. ठरलंय आपलं."

"ते स्वेटरचं होतं हो!"

भाऊजींनी चीप खाली ठेवली. "स्वेटरचं म्हणाली नव्हतीस. रंगाचं म्हणाली होतीस."

ताईला राग यायला हवा होता, तोंडाशी आलाही होता, असं ती सांगते. पण समोर चिखलाने बरबटलेला तो माणूस बसला होता. आपली होडी जाणार हे दिसत असताना वीस वर्षांपूर्वी बायकोला दिलेला शब्द त्याने पाळला होता, आणि आपण काही विशेष केलंय असं त्याच्या गावीही नव्हतं. अशा माणसावर रागवायला तरी कुठून सुरुवात करायची? तिने परीक्षकांच्या पायाशी पडलेला डबा उचलला आणि उकडलेली अंडी सोलायला घेतली. पहिलं अंडं भाऊजींना दिलं, दुसरं परीक्षकांना.

परीक्षकांनी अंडं खाल्लं, पाव खाल्ला, थर्मासमधला चहा घेतला. मग त्यांनी स्वेटरची काय भानगड आहे ते विचारलं. अडीच तास हाताशी होते, आणि माझी बहीण एकदा सांगायला लागली की हातचं राखत नाही. तिने माझ्या सासऱ्यांपासून सुरुवात करून गुलाबी रंगापर्यंत सगळं सांगितलं. गाठीही दाखवल्या, भाऊजींच्या शर्टाच्या गळ्यातली शेपटी बाहेर ओढून. परीक्षक मिशीत हसले, पुन्हा गंभीर झाले, आणि त्या बोयाकडे बोट करून म्हणाले, "मलाही हिरवाच दिसला. मी आकार बघितलाच नाही. होडीत तिघं होतो, बरोबर यांना एकट्यालाच दिसलं."

"आणि तो एकटाच गप्प बसला," ताई म्हणाली.

"तेच तर घोडं अडलंय," परीक्षक म्हणाले. "यांना दिसतं कमी म्हणून मी नापास करत नाहीये. दिसलं तरी बोलत नाहीत म्हणून करावं लागेल."

ताई तिथल्या तिथे भाऊजींकडे वळली. कललेल्या होडीत उभं राहता येत नव्हतं, म्हणून एका हाताने डोलकाठी धरून अर्धी उभी राहिली. जुना कायदा मोडीत, म्हणाली. यापुढे मी रंग सांगेन आणि तुम्ही आकार सांगायचा, मोठ्याने, मला ऐकू येईल असा. दोन्ही जुळलं तर पुढे जायचं. नाही जुळलं तर होडी थांबवायची आणि दोघांनी पुन्हा बघायचं. आणि मी कितीही ठामपणे बोलले तरी उलट बोलायचं.

भाऊजींनी विचार केला. "घरातसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"आधी होडीत जमतंय का बघू," ताई म्हणाली.

मग त्यांनी मान डोलावली. परीक्षकांनी ती डोललेली मान बघितली. एव्हाना तिची किंमत त्यांनाही कळली होती. त्यांनी वही पुन्हा बाहेर काढली.

पाणी आलं, होडी हळूच सरळ झाली आणि तरंगली. त्या खाडीत अजून सहा बोये होते. ताई म्हणायची लाल, भाऊजी म्हणायचे सपाट. ती हिरवा, ते टोकदार. शेवटच्या बोयावर पक्ष्यांनी इतकी घाण केली होती की तो नुसता पांढरा होता. ताईने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मला सांगता येत नाही, असं म्हणाली. तिच्या तोंडून रंगाबद्दल असं वाक्य भाऊजींनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी शीड सैल सोडलं, होडी थांबवली, आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं. टोकदार होता. घाणीखालून एक हिरवा पट्टा ताईला दिसला. मगच ते पुढे गेले.

भाऊजींना मिळालेल्या कागदावर आता दोन ओळी आहेत. पहिली कमिटीची: दिवसाउजेडी, रंग ओळखणारी प्रौढ व्यक्ती सोबत हवी. दुसरी परीक्षकांच्या हस्ताक्षरातली: सांगितलेला रंग आणि दिसणारा आकार जुळत नसेल तर होडी थांबवावी. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून डोलकाठीला बांधलाय. दातांच्या डॉक्टरांनी दुसरी होडी घेतली. पांढरी आहे, आणि लांबून दिसत नाही म्हणतात.

माझी बहीण आता दर रविवारी जाते. पोट तिचं अजून सुधारलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला नेलं होतं. खाडीच्या तोंडाशी ताई बाहेर वाकली होती, मी तिची पाठ चोळत होते, आणि ती मान वर न करता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून म्हणाली, "लाल."

"सपाट," मागून भाऊजी म्हणाले.

तिने रुमालाने तोंड पुसलं. "बघ," मला म्हणाली, "ऐकलंस? बोलतात आता."